बाग बघून ट्रॅक्टर, पीक बघून हप्ता : कर्ज देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सन्माननीय सदस्य, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अग्रणी बँकांचे व्यवस्थापक, आणि ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या सर्व बँका व फायनान्स कंपन्यांचे अधिकारी यांना,

सविनय नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. अडीच एकर बाग आणि उरलेल्या एकरात कधी टोमॅटो, कधी कांदा. आमच्या शिवारात बहुतेक घरांची जमीन एवढीच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राचं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तेव्हा हे पत्र एका माणसाच्या कर्जप्रकरणाबद्दल नाही. आमच्यासारखी लाखो घरं छोटा ट्रॅक्टर घेतात किंवा घ्यायचा विचार करतात, आणि त्यांचं प्रकरण शेवटी तुमच्याच टेबलावर येतं.

माझी मागणी एकच आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या कर्जाची रक्कम आणि हप्त्याची तारीख शेतकऱ्याचं काम आणि पीक बघून ठरवा. आज या दोन्ही गोष्टी शोरूमच्या कोटेशनवरून आणि संगणकातल्या ठरलेल्या तक्त्यावरून ठरतात.

शाखेत गेलं की पहिला प्रश्न येतो, "एवढ्याशा जमिनीला ट्रॅक्टर कशाला? भाड्याने घ्या." यामागे एक जुना हिशेब आहे : ट्रॅक्टर वर्षाला हजारेक तास चालला तर परवडतो. नांगरटीपुरता तो हिशेब बरोबर आहे. नांगरट चार दिवस पुढेमागे झाली तरी चालते आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो. वर्षातून दोनदा रोटर मारण्यासाठी कोणी कर्ज काढायला आला तर त्याला जरूर परत पाठवा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

बागेचं तसं नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पुढचे दोन महिने सगळा जीव फवारणीत असतो. रात्री पाऊस झाला, सकाळी पानावर ओल आहे आणि घड फुलोऱ्यात आहेत, अशा दिवशी डावणी या बुरशीरोगाचं औषध दुपारपर्यंत पडलं पाहिजे. त्या सकाळी गावातल्या प्रत्येक बागेला ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं पंख्याचं फवारणी यंत्र, हवा असतो. भाड्याने देणारा आधी स्वतःची बाग मारणार, मग भावकीतली, मग आमचा नंबर. तोवर संध्याकाळ होते आणि कधी कधी वर्ष हातचं जातं. म्हणून अडीच एकरवाला ट्रॅक्टर घेतो. त्याच्या ट्रॅक्टरचे तास मोजलेत तर ते हजार कधीच भरणार नाहीत. पण त्यातले काही तास असे असतात की त्यांच्यावर सगळ्या पिकाचे पैसे अवलंबून असतात. तुमच्या प्रकल्प अहवालाच्या छापील नमुन्यात याला जागाच नाही. ती करा.

आता ट्रॅक्टर निवडण्याबद्दल. हे काम शेतकऱ्याचं, त्यात बँकेचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, कारण चुकीचा ट्रॅक्टर घेतलेल्या माणसाचाच हप्ता पुढे थकतो.

आमच्याकडे बागेच्या दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर असतं. कागदावर नऊ फुटांत कुठलाही ट्रॅक्टर जाईल. पण वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलवरून दोन्ही बाजूंनी काड्या खाली झुकल्या, घड लोंबायला लागले की मधे उरते ती वाट बरीच अरुंद असते, आणि वर डोक्याच्या उंचीलाच पानं लागतात. तिथे ट्रॅक्टरची रुंदी चार फुटांच्या आत हवी, सायलेन्सर खाली वळवलेला हवा, आणि ओळीच्या टोकाला एका दमात वळता आलं पाहिजे. पावसाने काळी जमीन चिकट झाली की मागची दोनच चाकं ओढणारा ट्रॅक्टर भरलेला ब्लोअर घेऊन जागेवर घसरत राहतो, म्हणून फोर बाय फोर. याच गरजेतून महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा बी २४४१ यांसारखे ट्रॅक्टर बागाईत पट्ट्यात दिसू लागले. त्यांतला कुठला चांगला हे सांगण्याची ही जागा नाही. ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात तो चांगला, एवढंच म्हणतो.

खरा घोळ एचपीत होतो. जाहिरातीत लिहिलेली ताकद इंजिनाची असते आणि ब्लोअर फिरवते ती पीटीओची, म्हणजे मागच्या दांड्यावर मिळणारी. ती नेहमी कमी भरते. आमच्या भावकीतल्या एकाने १८ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर म्हणून तो उत्तम आहे. उसात भर लावायला, भाजीपाल्यात, कोळपणीला त्याच्यासारखा नाही. पण त्याला मोठा ब्लोअर जोडला आणि टाकी भरून ओळीत घातला की इंजिनाचा आवाज बसतो, पंख्याचा वेग पडतो, आणि औषधाचं धुकं बाहेरच्या पानांवरच थांबतं. आतले घड हाताने उघडून पाहिले तर कोरडे. त्या बागेत डावणी आतून सुरू झाली. त्याचं कर्ज मंजूर करताना त्याला कोणी विचारलं नव्हतं की बाबा, याला मागे काय जोडणार आहेस?

हा एक प्रश्न तुमच्या अर्जात छापा. मागे काय जोडणार, त्याला पीटीओची किती ताकद लागते, आणि हा ट्रॅक्टर ती देतो का? उत्तर शोधायला तज्ज्ञ नेमावा लागत नाही. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ओढण्याची क्षमता, हायड्रॉलिक किती उचलतं, डिझेल किती खातो, सगळं मोजून लिहिलेलं असतं. अनुदानाच्या यादीत यायला असा अहवाल लागतोच. मग कोटेशनसोबत त्या अहवालातल्या चार ओळी मराठीत जोडल्याशिवाय प्रकरण घेऊ नका, असं विक्रेत्यांना तुम्ही एकदा सांगितलंत तर महिन्याभरात सगळे जोडायला लागतील. आम्ही मागून मिळत नाही, तुम्ही मागितलं तर मिळेल. तसंच, शेतकऱ्याच्या स्वतःच्या ओळीत, त्याच्या अवजारासह ट्रॅक्टर चालवून दाखवल्याची सही घ्या. शोरूमच्या अंगणातल्या फेरीवरून काहीच कळत नाही.

यालाच जोडून अवजारांचं कर्ज. बागवाल्याला नुसता ट्रॅक्टर घेऊन काही उपयोग नाही. ब्लोअर, छोटा रोटर, एखादी डंपिंग ट्रॉली हे सगळं मिळून काम होतं, आणि ब्लोअर तर एकटाच लाखांत जातो. तरी बऱ्याच ठिकाणी कर्ज ट्रॅक्टरच्या किमतीवरच बसतं. मग शेतकरी अवजाराचे पैसे औषध दुकानदाराकडून उचलतो, सोसायटीच्या पीककर्जातून वळवतो, नाहीतर घरातलं सोनं ठेवतो. तुमच्या खात्यात त्याच्या नावावर एक कर्ज दिसतं, प्रत्यक्षात तो तीन फेडत असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर ३५ हजार रुपये वाचले. ही वाचलेली रक्कम पुढच्या मोठ्या मॉडेलकडे ढकलण्याऐवजी ती अवजारांत घाला, असा सल्ला शाखेतून मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

आता हप्ता. या पत्राचं मुख्य कारण हेच आहे.

ट्रॅक्टरचा हप्ता सहामाही असतो आणि शेतकऱ्याच्या सोयीसाठीच तो तसा ठेवलाय असं आम्हाला सांगितलं जातं. आमच्याकडे ट्रॅक्टर घ्यायचे मुहूर्त दोन : दसरा-दिवाळी आणि पाडवा. दसऱ्याला घेतला तर पहिला हप्ता चैत्रात येतो, द्राक्षं विकलेली असतात, पैसा हातात असतो. दुसरा येतो तो पुढच्या ऑक्टोबरात. पाडव्याला घेतला तर पहिलाच हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे मुहूर्त कुठलाही धरा, दोनांतला एक हप्ता बरोबर गोडी छाटणीवर पडतो. आणि ऑक्टोबर म्हणजे काय, तर छाटणीची मजुरी, डोळे फुटण्यासाठी काड्यांना पेस्ट लावायची मजुरी, खतं, आणि मग आठवड्याला दोन-तीन फवारण्या. पुढे विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग. बागेतून रुपया येत नाही, फक्त जातो. पैसे यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि व्यापाऱ्याने चेक पुढचा दिला तर एप्रिल.

अशा ऑक्टोबरात चांगला शेतकरीसुद्धा हप्ता चुकवतो. त्याची नियत खोटी असते म्हणून नाही, खिशात पैसा नसतो म्हणून. मग दंड लागतो, फोन सुरू होतात, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खाली जातं, आणि पुढच्या पीककर्जाच्या वेळी तेच सिबिल आडवं येतं. मार्चमध्ये त्याने सगळी थकबाकी एकरकमी भरली तरी कागदावर तो थकबाकीदार होऊन गेलेला असतो.

यावर उपाय अवघड नाही. द्राक्षवाल्याला वर्षाला एक हप्ता द्या, ३० एप्रिलला. हिशेब मांडून दाखवतो. चार लाखांचं कर्ज, ११ टक्के घटत्या शिलकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), पाच वर्षं. सहामाही हप्ता साधारण ५३ हजार येतो आणि एकूण व्याज १ लाख ३१ हजारांच्या घरात जातं. वार्षिक हप्ता १ लाख ८ हजार येतो आणि एकूण व्याज १ लाख ४१ हजार. पाच वर्षांत मिळून फरक दहा हजारांचा. हे दहा हजार भरायला आम्ही आनंदाने तयार आहोत. तुमचं नुकसान काही नाही, उलट वसुलीचा खर्च वाचेल.

पीक बदललं की तारीख बदला. ऊसवाल्याचं बिल गाळप हंगामात येतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आहेत, तेव्हा त्याचा हप्ता हंगामाच्या शेवटी बांधा. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत पैसा फिरतो. ज्याच्याकडे चार दुभती जनावरं आहेत त्याला महिन्याचा हप्ताच सोयीचा, कारण दुधाचा पगार दर दहा-पंधरा दिवसांनी येतो. हे शाखेतल्या कृषी अधिकाऱ्याला ठाऊक असतं. त्याला तारीख बदलायचा अधिकार नसतो, एवढंच. रिझर्व्ह बँकेने शेतीकर्ज अनुत्पादक, म्हणजे थकीत-बुडीत, ठरवताना पिकाच्या हंगामाचा हिशेब धरायला सांगितलं आहे, आणि शेतकऱ्याच्या मुदत कर्जालाही पिकाच्या कालावधीप्रमाणे तोच निकष लावता येतो. कर्ज बुडालं का हे ठरवताना जो हंगाम धरता, तोच हंगाम हप्ता ठरवतानाही धरा.

व्याजाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण इथे माणसं फसतात. "फक्त दहा टक्के" असं तोंडी सांगितलं जातं आणि ते फ्लॅट असतं. चार लाखांवर पाच वर्षांचं दहा टक्के फ्लॅट व्याज दोन लाख. सहा लाखांचे दहा सहामाही हप्ते, प्रत्येकी ६० हजारांचे. शेतकरी दर सहा महिन्यांना मुद्दल फेडत चाललेला असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवर मोजलेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर १६ टक्क्यांच्या पुढे जातो. शेजारची बँक "अकरा टक्के" म्हणते म्हणून तिला महाग समजून दहावाल्याकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते एका आकड्यात लिहावं लागतं, आणि ते विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, असं रिझर्व्ह बँकेनेच म्हटलंय. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ट्रॅक्टर प्रकरणांत ते इंग्रजीत, बारीक अक्षरांत, वीस-पंचवीस सह्यांच्या गठ्ठ्यात दडलेलं असतं. सही घेण्याआधी एक दिवस, मराठीत, एका पानावर ते घरी द्या. शेतकरी ते मुलीला दाखवेल, सोसायटीच्या सचिवाला दाखवेल, दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून बघेल. फाइल चार्ज, विम्याचा हप्ता, मुदतीआधी फेडलं तर लागणारा आकार, सगळं त्यातच यावं.

फायनान्स कंपन्यांबद्दल एक चांगली गोष्टही लिहिली पाहिजे. त्यांचा माणूस बांधावर येतो, कागद तिथेच घेतो, आणि दोन-तीन दिवसांत ट्रॅक्टर दारात उभा राहतो. बँकेत सर्च रिपोर्ट, फेरफार, जामीनदार, वकिलाचा शेरा यांत छाटणी निघून जाते. म्हणून महाग असूनही लोक कंपनीकडे जातात. बँकांना शेतकरी हवा असेल तर त्यांनी वेळ कमी करावा, दुसरा उपाय नाही.

वेळ जातो तो मुख्यतः गहाणखतापायी. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली. छोटा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. मग चार लाखांसाठी अख्ख्या बागेच्या गटावर बोजा चढतो. ट्रॅक्टर तुमच्याकडे तारण आहेच. आरसी बुकावर तुमचं नाव आहे. त्याउपर जमीन हवीच असेल तर कर्जाच्या प्रमाणात क्षेत्र घ्या, सगळा सातबारा अडकवू नका. आणि कर्ज फिटलं की बोजा उतरवून द्या. बाकी नील होऊनही दाखल्यासाठी, तलाठ्याकडच्या नोंदीसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे मारणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. वैयक्तिक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत आणि बोजा कमी, उशीर झाला तर बँकेच्या चुकीपोटी दिवसाला ५,००० रुपये. डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. शेतीच्या ट्रॅक्टरलाही हीच शिस्त लावायचा ठराव तुमच्या समितीत करा.

अनुदानाबद्दल थोडक्यात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं, आणि मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत खरेदी करून बिल चढवावं लागतं. तुमची मंजुरी त्या मुदतीत झाली नाही तर शेतकऱ्याचं दोन्हीकडून नुकसान. पूर्वसंमतीचं पत्र ज्याच्या हातात आहे त्याचं प्रकरण वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि आधी निकाली काढा. अनुदान जमा झाल्यावर त्याला ते मुद्दलात भरायचं असेल तर त्यावर कसलाही आकार लावू नका.

आणि वसुली. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टर ओढून नेताना एका शेतकऱ्याच्या गरोदर मुलीचा त्याच ट्रॅक्टरखाली जीव गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करायला काही काळ मनाई केली होती. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही हा नियमही आहे. आमच्या भागात असं काही होऊ नये यासाठी मी एवढंच मागतो : ट्रॅक्टर नेण्याआधी लेखी नोटीस मराठीत द्या, ती ग्रामपंचायतीत नव्हे तर घरी द्या, आणि पीक काढणीला आलं असेल तर विक्रीपर्यंत थांबा. ट्रॅक्टर उचलून नेला की फवारणी थांबते, आणि ज्या पिकातून तुमचे पैसे येणार होते तेच जातं.

राज्यस्तरीय समितीची बैठक दर तिमाहीला होते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्याव्यात अशी विनंती आहे : पिकानुसार हप्त्याच्या तारखांचा तक्ता आणि तो लागू करायचे शाखेला अधिकार, ट्रॅक्टर आणि अवजारं मिळून एकच कर्ज, आणि मराठीतलं एक पानी विवरण सहीच्या आदल्या दिवशी. नाशिक जिल्ह्याचा तक्ता करायला माहिती हवी असेल तर आमच्या गावातले बागायतदार एकत्र बसून छाटणीपासून विक्रीपर्यंतचा महिनावार जमाखर्च लिहून देतील. तक्ता दसऱ्याच्या आत शाखांत पोहोचला तर यंदाच्या खरेदीलाच लागू होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्ष उत्पादक